केस गळतात, पण कशामुळे?

पावसाळा ओसरू लागला की शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील भातखाचरांच्या बांधांवर, ओढ्याकाठच्या ओलसर जागेत एक बुटकी, खरखरीत पानांची वनस्पती माजते. तिला टिकलीएवढी पांढरी फुले येतात. पान तळहातावर चुरडले की त्याचा हिरवा रस थोड्याच वेळात काळपट पडतो. हा माका. पितृपक्षात श्राद्धासाठी त्याची थोडीफार आठवण होते. एरवी तो पायदळी तुडवला जातो. मात्र आयुर्वेदाने त्याला ‘भृंगराज’ आणि ‘केशराज’ अशी राजेशाही नावे दिली आहेत. ज्या बाटलीबंद तेलांसाठी शहरातील ग्राहक शेकडो रुपये मोजतात, त्यांपैकी अनेकांच्या वेष्टनावर हेच नाव मोठ्या अक्षरांत छापलेले असते.

केसांची चिंता आता कोणत्याही एका वयाची वा वर्गाची राहिलेली नाही. विशीतील तरुण आरशासमोर कपाळाची रुंदी मोजतो, बाळंतीण न्हाणीघरात हाताला लागलेला पुंजका पाहून घाबरते, आणि लोकलमधून रोज दोन-दोन तास प्रवास करणारी नोकरदार स्त्री कंगव्यात अडकलेले केस मोजू लागते. यांतील प्रत्येकाला कोणीतरी एक रामबाण तेल सुचवलेलेच असते. कांद्याचा रस, मेथीचा लेप, जास्वंदीची फुले, वडाच्या पारंब्या, यादी संपत नाही. या उपायांत तथ्य किती, हा प्रश्न रास्त आहे. पण त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे, आणि तो सहसा विचारला जात नाही : केस नेमके कशामुळे गळत आहेत?

माणसाच्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात आणि त्यांतील प्रत्येकाचे आयुष्य स्वतंत्र असते. केस दोन ते सहा वर्षे वाढतो, महिन्याला साधारण एक सेंटिमीटर. मग दोन-तीन आठवड्यांच्या संक्रमणकाळात त्याचे मूळ आकसते, पुढे सुमारे तीन महिने तो नुसता जागेवर टिकून राहतो आणि अखेर गळतो. त्याच जागी नवा केस उगवू लागतो. निरोगी डोक्यावर कोणत्याही क्षणी ८५ ते ९० टक्के केस वाढीच्या अवस्थेत असतात आणि उरलेले बहुतेक विश्रांतीत. म्हणूनच दिवसाला ५० ते १०० केस गळणे हा आजार नव्हे, तो केसांचा नित्यक्रम आहे. आठवड्यातून एकदाच न्हाणाऱ्यांना त्या दिवशी एकदम पुंजका दिसतो, कारण आठवडाभर सुटून अडकून बसलेले केस तेव्हा बाहेर पडतात.

विश्रांतीचे हे तीन महिने लक्षात ठेवले तर केसगळतीची बरीच कोडी सुटतात. टायफॉइड, डेंग्यू, कोविड यांसारखा मोठा ताप, शस्त्रक्रिया, बाळंतपण, घरातील मृत्यूचा धक्का किंवा झपाट्याने वजन उतरवणारा आहार, यांपैकी काहीही झाले की शरीर काटकसरीला लागते आणि वाढीच्या अवस्थेतील अनेक केस एकदम विश्रांतीत ढकलले जातात. ते लगेच गळत नाहीत. दोन-तीन महिन्यांनी गळतात. तोवर माणूस तो ताप विसरलेला असतो आणि दोष देतो नव्या शाम्पूला. बाळ आईला ओळखू लागले की आईचे केस जातात, असे काही घरांत म्हटले जाते. त्यात बाळाचा दोष नसला तरी काळाचा हिशेब अचूक आहे : गर्भारपणात संप्रेरकांमुळे टिकून राहिलेले केस प्रसूतीनंतर तिसऱ्या महिन्याच्या आसपास एकत्रच गळू लागतात.

ही गळती भीतिदायक दिसते, पण बहुधा सहा महिन्यांत आपोआप थांबते. आणि इथेच घरगुती उपायांच्या कीर्तीचे एक रहस्य दडलेले आहे. प्रस्तुत प्रतिनिधीचे केस काही वर्षांपूर्वी टायफॉइडनंतर तिसऱ्या महिन्यात मूठ-मूठ गळू लागले. शेजारच्या काकूंनी कढवलेले तेल मोठ्या निष्ठेने लावले गेले, आणि दोन-तीन महिन्यांत गळती खरोखरच थांबली. काकूंच्या तेलाची ख्याती त्यानंतर आमच्या इमारतीत चार मजले चढली. तेल न लावता काय झाले असते, हे तपासण्याची सोय अर्थातच उरली नव्हती.

पुरुषांच्या कपाळावरून वा टाळूवरून हळूहळू मागे सरणारे टक्कल मात्र वेगळे. त्याचे मूळ अनुवंशिकतेत आणि पुरुषी संप्रेरकांत आहे. टेस्टोस्टेरॉनपासून शरीरात डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन तयार होते आणि ज्यांची केसमुळे त्याबाबत जन्मतःच संवेदनशील असतात, त्यांचा प्रत्येक नवा केस आधीच्यापेक्षा बारीक व अल्पायुषी निघतो. शेवटी केस उरतो, पण तो लव बनून. स्त्रियांमध्ये हेच भांगाची रेषा रुंदावण्याच्या रूपात दिसते. हा वारसा केवळ आईकडून येतो, हा लोकप्रिय समज अर्धवट आहे. दोन्ही घराण्यांचा त्यात वाटा असतो. टोपी वा हेल्मेट घातल्याने असे टक्कल पडत नाही.

तिसरा प्रकार आपल्याकडे ‘चाई’ म्हणून ओळखला जातो. एका रात्रीत रुपयाएवढी गुळगुळीत, चकचकीत जागा उघडी पडते. कीड लागली, असे गावाकडे म्हणतात. प्रत्यक्षात शरीराची संरक्षक यंत्रणाच केसमुळांवर उलटलेली असते. लहान चट्टे अनेकदा वर्षभरात आपोआप भरून येतात. तोवर सोसल्या जाणाऱ्या उपचारांविषयी मात्र लिहिणे भाग आहे. चाईवर बिब्बा घासणे, गुंजेचा लेप लावणे हे प्रकार आजही होतात. बिब्ब्याच्या तेलाने त्वचा भाजून फोड येतात, आणि जखमेचा व्रण खोल गेला तर तेथील केसमूळच नष्ट होते. मग जो केस स्वतःहून परत आला असता, तोही येत नाही. गुंजेचे बी तर विषारीच. इंद्रलुप्त या नावाने चाईचे वर्णन करणाऱ्या आयुर्वेदग्रंथांत अशा तीक्ष्ण द्रव्यांचे लेप आहेत हे खरे, पण ती द्रव्ये शोधन करून, वैद्याच्या देखरेखीखाली वापरायची आहेत. बाजारातून पुडी आणून घरी घासण्याची नव्हेत.

आयुर्वेदाची केसगळतीची उपपत्तीही जाणून घेण्याजोगी आहे. केस हा अस्थिधातूचा मल मानला जातो. वातासह बिघडलेले पित्त रोमकूपात शिरून केस पाडते आणि नंतर रक्तासह कफ ती छिद्रे बुजवून टाकतो, असे सुश्रुतसंहितेत म्हटले आहे. गळतीला ‘खालित्य’ आणि अकाली पिकण्याला ‘पालित्य’ अशी तिथे स्वतंत्र नावे आहेत. आधुनिक शरीरशास्त्राशी या मांडणीचा ओढूनताणून मेळ घालण्याचे कारण नाही. मात्र केसांचा विकार डोक्यापुरता नसून तो अन्न, पचन आणि झोप यांच्याशी जोडलेला आहे, हा तिचा आग्रह व्यवहारात उपयोगी पडतो.

कारण केसांचे मूळ ताटात आहे. याचा सर्वांत ठळक आणि चटका लावणारा दाखला महाराष्ट्रानेच अलीकडे पाहिला. डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांमधील लोकांचे केस एकाएकी गळू लागले. आधी डोक्याला खाज, मग केस राठ होणे आणि दोन-चार दिवसांत डोके जवळजवळ उघडे. बाधितांत स्त्रिया होत्या, महाविद्यालयीन मुली होत्या, लहान मुले होती. अनेकांनी उरलेले केस काढून डोके भादरून घेतले. मुलींनी महाविद्यालयात जाणे थांबवले, ठरलेली लग्ने मोडल्याच्या बातम्या आल्या. प्रथम शाम्पूवर संशय घेतला गेला, मग बुरशीवर, मग खारपाणपट्ट्यातील नायट्रेटयुक्त पाण्यावर. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे पथक गावांत आले.

याच वेळी विंचूदंशावरील उपचारांसाठी जगभर ओळखले जाणारे आणि २०२२ मध्ये पद्मश्रीने गौरविलेले महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी स्वतंत्रपणे गावांत जाऊन रक्त, लघवी, केस आणि धान्याचे नमुने गोळा केले. १८ गावांतील २७९ जणांना हा त्रास झाल्याची नोंद त्यांनी केली. तपासणीत सेलेनियम या मूलद्रव्याचे प्रमाण रक्तात ३५ पट, लघवीत ६० पट आणि केसांत तब्बल १५० पट वाढलेले आढळले. त्याच वेळी जस्ताचे प्रमाण घटलेले होते. बोट रोखले गेले ते रेशनवर आलेल्या, पंजाब-हरियाणाकडील गव्हावर. पंजाबात शिवालिकच्या पायथ्याशी, होशियारपूर-नवांशहर भागात सेलेनियमने भरलेल्या जमिनी आहेत, हे मृदाशास्त्रज्ञांना आधीपासून ठाऊक होते.

सेलेनियम हे तसे शरीराला हवेच असते, पण किती? प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे ५५ मायक्रोग्रॅम. चारशेच्या वर ते नियमित जाऊ लागले की घातक ठरू शकते. केस ज्या केराटिन प्रथिनाचे बनतात, त्याची बळकटी गंधकाच्या बंधांवर अवलंबून असते. रासायनिकदृष्ट्या गंधकाचे भावंड असलेले सेलेनियम जास्त झाले की ते गंधकाची जागा बळकावते आणि बंध कच्चे राहतात. चीनच्या हुबेई प्रांतातील एन्शी भागात १९६०च्या दशकात असेच केस आणि नखे गळाली होती. अमेरिकेत २००८ मध्ये एका द्रवरूप पोषणपूरकात चुकून ठरलेल्या मात्रेच्या सुमारे २०० पट सेलेनियम पडले आणि दोनशेहून अधिक लोक बाधित झाले. शेगावकडेही पुढे एप्रिल २०२५ मध्ये काहींची नखे गळू लागली. समाधानाची बाब इतकीच की अनेकांचे केस परत उगवले. केसमूळ मेलेले नव्हते; त्याला विष मिळत होते, ते थांबले.

शहापूर-मुरबाडच्या वाचकांना शेगाव दूरचे वाटू नये. या दोन्ही तालुक्यांतील कातकरी, ठाकूर, महादेव कोळी कुटुंबांचे जुने अन्न म्हणजे स्वतः पिकवलेला भात, नाचणी, वरई आणि रानभाज्या. आज अनेक पाड्यांवर वर्षाचा मोठा काळ रेशनच्या धान्यावर निघतो. ते धान्य वाईट असते असा याचा अर्थ मुळीच नाही. त्याने उपासमार रोखली आहे. पण एकाच ठिकाणच्या, एकाच प्रकारच्या धान्यावर पोट भरू लागले की त्या मातीतील उणे-अधिक सारेच आपल्या अंगात उतरते. एकाच वस्तीत, एकाच वेळी अनेकांचे केस जाऊ लागले, तर तेलाची बाटली न शोधता आरोग्य केंद्राला कळवणे आणि घरातील धान्याचा, पाण्याचा नमुना जपून ठेवणे हाच पहिला उपाय.

बोअरवेलच्या पाण्याबद्दल इथे दोन शब्द. मुंबई-ठाण्याहून वासिंद, आसनगाव परिसरातील नव्या गृहसंकुलांत राहायला आलेल्या कुटुंबांची तक्रार ठरलेली असते की इथल्या पाण्याने केस गळतात. (ज्यांच्या उशाला तानसा-भातसाची धरणे आहेत, त्यांच्या नळाला बोअरचे पाणी आणि पाण्यासाठी टँकर, हा विरोधाभास आपण किती वर्षे लिहीत आहोत!) जड पाण्यातील क्षारांमुळे साबणाचा फेस होत नाही, केसांवर पुट चढते, ते राठ होतात आणि मध्येच तुटतात. पण मुळापासून गळणे वेगळे आणि तुटणे वेगळे. गळलेल्या केसाच्या टोकाला बारीक पांढरी गाठ दिसते. तुटलेल्याला ती नसते. ही परीक्षा घरच्या उजेडातही करता येते. पाण्याचा दोष असेल तर शेवटचे तांबे साध्या, मऊ पाण्याचे घेतल्याने फरक पडतो.

स्त्रियांच्या केसगळतीत मात्र संशयाचा पहिला मान रक्तक्षयाला द्यायला हवा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. म्हणजे दर दोघींत एक. हिमोग्लोबिन ठीक असूनही शरीरातील लोहाचा साठा रिता असू शकतो, त्यासाठी फेरिटिनची तपासणी असते. थायरॉइडचा बिघाडही केसांवर उतरतो. या तपासण्या न करता सहा महिने तेल चोळणे म्हणजे विहिरीचा झरा आटला असताना रहाटाला वंगण घालण्यासारखे आहे. नैसर्गिक उपायांची खरी ताकद इथेच, आहारात आहे, आणि ती शहापूरच्या बाजारात टोपल्यांनी मिळते. बाळंतिणीला दिले जाणारे अळिवाचे लाडू लोहाने समृद्ध असतात. नाचणी, कुळीथ, राजगिरा, शेवग्याचा पाला, पावसाळ्यातील टाकळा, कुर्डू या भाज्या, सोबत डाळ, अंडी, सुकट. त्यावर लिंबू पिळले किंवा आवळा खाल्ला तर वनस्पतींतील लोह अधिक शोषले जाते. जेवणावर लगेच चहा घेतला तर कमी. केवळ या एका सवयीने बराच फरक पडू शकतो, आणि ती फुकट आहे.

आता तेलांकडे. खोबरेल तेलाला विज्ञानाचा आधार आहे, पण तो नेमका कशासाठी हे समजून घ्यायला हवे. मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेलाची तुलना केली, तेव्हा केसांतील प्रथिनांची झीज फक्त खोबरेलाने कमी झाली. कारण त्याचे लहान, सरळ रेणू केसाच्या आत शिरू शकतात. अभ्यास खोबरेल विकणाऱ्या कंपनीचाच होता, हेही वाचकांनी ध्यानात घ्यावे. म्हणजे तेल केस तुटण्यापासून वाचवते. नवे केस उगवते असा त्याचा अर्थ होत नाही. डोक्यात कोंडा असेल तर उलट तेल आवरावे, कारण कोंड्याशी संबंधित यीस्ट त्वचेवरील स्निग्धांशावरच जगते.

कांद्याच्या रसाची गंमत अशी की त्यावर खरोखर प्रयोग झाला आहे. बगदादमध्ये झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत चाईच्या रुग्णांना दिवसातून दोनदा कांद्याचा रस लावला. सहा आठवड्यांनी २३ पैकी २० जणांना केस आले, तर साधे पाणी लावलेल्या १५ पैकी केवळ दोघांना. निष्कर्ष उत्साहवर्धक, पण चाचणी लहान होती आणि ती चाईपुरती होती. अनुवंशिक टकलाला तो निकाल लावणे म्हणजे मलेरियाचे औषध मोडलेल्या हाडाला देणे. रोझमेरी तेलाची इराणमध्ये सहा महिने मिनॉक्सिडिलच्या सौम्य द्रावणाशी तुलना झाली, २०१५ मध्ये तिचे निष्कर्ष आले आणि दोन्ही गटांत सारखीच वाढ दिसली. माक्याबाबत उंदीरवर्गीय प्राण्यांवरचे प्रयोग आशादायक आहेत. माणसांवरील मोठा, भक्कम पुरावा अद्याप नाही.

तरीही ज्यांना माक्याचे तेल घरी करायचे आहे त्यांनी ते नीट तरी करावे. आयुर्वेदाचे सर्वसाधारण प्रमाण एक भाग कल्क, चार भाग तेल आणि सोळा भाग द्रव असे आहे. वाटलेला माका हा कल्क, तिळाचे वा खोबरेल तेल हा स्नेह आणि माक्याचाच ताजा रस हा द्रव. मंद आचेवर, सतत ढवळत, पाण्याचा अंश पूर्ण आटेपर्यंत शिजवायचे. कल्क बोटांत वळून त्याची वात होऊ लागली, ती विस्तवावर धरली असता तडतडली नाही आणि तेलावर फेस आला, की पाक झाला. कच्च्या राहिलेल्या तेलाला बुरशी धरते, करपलेले निरुपयोगी. माका तणनाशक फवारलेल्या बांधावरून किंवा महामार्गाच्या कडेने उपटू नये. पिवळ्या फुलांचा ‘पिवळा माका’ निराळा, तो यात नको.

दरम्यान, औषधी वनस्पतींच्या या बाजारात स्थानिकांच्या हाती काय पडते, याचे एक बोलके उदाहरण शहापुरातच आहे. येथील कातकरी तरुणांनी आदिवासी एकात्मिक सामाजिक संस्थेच्या माध्यमातून जंगलातील गुळवेल गोळा करून थेट औषध कंपन्यांना विकायला सुरुवात केली. वनधन योजनेची जोड मिळाल्यावर २०२१ मध्ये त्यांच्याकडे साडेतीनशे टन गुळवेलीची, दीड कोटींहून अधिक रुपयांची मागणी नोंदवली गेल्याचे केंद्रीय आदिवासी विकास यंत्रणेने जाहीर केले होते. बांधावरच्या माक्यालाही असा संघटित खरेदीदार मिळायला हरकत नसावी.

जाहिरातींविषयी कायदा काय म्हणतो, हे फार कमी ग्राहकांना माहीत असते. १९४५ च्या औषध नियमांच्या ‘अनुसूची जे’मध्ये ज्या विकारांवर प्रतिबंध वा उपचाराचा दावा करण्यास मनाई आहे, त्यांत टक्कल आणि नवे केस उगवणे या दोन्हींचा उल्लेख आहे. तरीही ‘महिनाभरात घनदाट केस’ छापलेल्या बाटल्या बिनदिक्कत विकल्या जातात. बायोटिनच्या गोळ्यांचेही तसेच. शरीरात त्याची कमतरता क्वचितच असते, आणि मोठ्या मात्रेने थायरॉइडसारख्या रक्ततपासण्यांचे आकडे चुकू शकतात. तपासणीला जाताना या गोळ्या चालू आहेत हे सांगायलाच हवे. बहुजीवनसत्त्वांच्या दोन-तीन निरनिराळ्या गोळ्या एकत्र घेणाऱ्यांनी प्रत्येकीवरचे सेलेनियमचे प्रमाण वाचून बेरीज करावी.

आधुनिक औषधांत अनुवंशिक टकलासाठी डोक्याला लावायचे मिनॉक्सिडिल आणि पुरुषांसाठी फिनास्टेराइड ही दोनच औषधे दीर्घकाळ कसोटीला उतरली आहेत. मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबावरचे. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागल्याने त्याचा हा गुण ध्यानात आला. ते सुरू केल्यावर पहिले काही आठवडे गळती वाढते आणि घाबरून अनेक जण तिथेच सोडतात. परिणाम दिसायला चार-सहा महिने लागतात आणि थांबवले की लाभही ओसरतो. फिनास्टेराइड गर्भवतींसाठी वर्ज्य आहे. दोन्ही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत.

लहान मुलांच्या डोक्यात खवले, खाज आणि तुटक्या केसांचे चट्टे दिसले तर तो बहुधा गजकर्णाचा प्रकार असतो. त्यावर पोटात घ्यायचे बुरशीविरोधी औषध लागते, नुसत्या मलमाने वा तेलाने तो जात नाही. घरातील कंगवा आणि टॉवेलही वेगळे करावे लागतात. शाळेसाठी रोज ताणून घातलेल्या वेण्यांमुळे मुलींच्या कानशिलाजवळचे केस विरळ होत असतील, तर वेणी सैल करण्याखेरीज दुसरा उपाय नको. चट्टा लाल, दुखरा असेल, पू येत असेल, किंवा उघड्या जागी केसांची छिद्रेच दिसेनाशी झाली असतील, तर मात्र एक आठवडाही थांबू नये. शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय किंवा मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय गाठावे. जाताना गेल्या सहा महिन्यांतील आजारपणे, औषधे आणि बाळंतपण यांच्या तारखा कागदावर लिहून न्याव्यात. डॉक्टर सर्वांत आधी त्याच विचारतात.